सखुआत्याचं कपाळ

कापसातून सरकी काढणारं जिनिंगचं यंत्र दुपारी एक ते दोन बंद असे, आणि दिग्रसच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत हसायला तेवढाच एक तास मिळे. एरवी खालच्या घरघरीत माइकला काही ऐकूच येत नसे. म्हणून डबा न उघडताच वैष्णवी आवाज घुमू नये यासाठी डोक्यावरून गोधडी पांघरून माइकपुढे बसली होती आणि राजदीप बाहेरून सांगत होता, "ताई, बकरी आता सरपंचाच्या खुर्चीवर चढली. हसा!"

वैष्णवी हसली. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी "मेली व माय, मेली!" म्हणत धापा टाकत. कॉम्प्युटरमागून उर्वशीने अंगठा वर केला. गोधडी बाजूला झाली तेव्हा वैष्णवी घामाने भिजली होती आणि तिची नजर आधी दाराकडे गेली. कुणी ऐकलं तर नाही?

तिघांचाच तो स्टुडिओ. राजदीप नागपुरात ॲनिमेशन शिकून, पुण्यात चार वर्षं दुसऱ्यांची कार्टूनं रंगवून परतला होता. प्रोग्रामिंग उर्वशीकडे. खिडकीतून येणारी रुई कीबोर्डवरून ब्रशने झाडत त्यांनी दीड वर्षात मोबाइलवरचा एक खेळ उभा केला होता: 'आत्या, बकरी पळाली!' नऊवारीतली सखुआत्या आपल्या द्वाड बकरीमागे बाजारातून, एसटीच्या टपावरून, सरकीच्या ढिगातून धावते, आडव्या येणाऱ्याला टोमणे मारते आणि मनमुराद हसते. आत्याचं चित्र वैष्णवीचं, आवाजही तिचाच.

वैष्णवीने लग्नाआधी चित्रकलेची पदविका घेतली होती. बोंडअळीच्या साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिचा नवरा देविदास गेला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सासरे सदाशिवराव यांनी तिला 'कॉम्प्युटरच्या कामाला' जाऊ दिलं. फिकी साडी, मोकळं कपाळ, खाली मान, या अटी न सांगताच ठरलेल्या होत्या. हसण्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं. ते वेगळं सांगावं लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

त्याच घरात सदाशिवरावांची थोरली बहीण रुखमाबाई होती. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आता सहासष्टची. चारचौघांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पण गोठ्यात शेण काढताना ती वैष्णवीला गावातल्या एकेकाची अशी नक्कल करून दाखवी की दोघींना भिंतीचा आधार घ्यावा लागे. सखुआत्याची चाल, टोमणे, कमरेवरचा हात, सगळं तिचंच होतं.

खेळाच्या जाहिरातीची चाळीस सेकंदांची चित्रफीत राजदीपने सोमवारी लोकांच्या मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. बुधवारी संध्याकाळी वैष्णवी गावात एसटीतून उतरली, तर शाळेच्या ओट्यावरून तिला स्वतःचंच हसू ऐकू आलं. पोरं ते पुन्हापुन्हा वाजवत होती. पळावं की तिथंच थांबावं, तिला कळेना.

सदाशिवराव ओसरीवर उभेच होते.

"हा आवाज तुहा हाये?"

"हो, मामाजी."

"पोराले जाऊन दोन वर्सं झाले, अन् त्याची बायको गावभर खिदळून राह्यली! म्या लोकायले तोंड कसं दाखवावं?"

"मामाजी, ते माहं काम हाये."

"हसाचं काम? विधवा बाईनं?" त्यांचा आवाज चिरकला. "तो आवाज काढून टाकाले सांग. नाहीतर उद्यापासून जाऊ नोको."

आत सासू भागीरथाबाईंच्या तव्यावरची भाकरी करपत होती. मागच्या दारात रुखमाबाई उभी होती.

सकाळी कुणाला न विचारता वैष्णवी पहिल्या एसटीने निघाली. वाटेत ती तीनदा जागा बदलून बसली. स्टुडिओचा जिना चढून आत गेली आणि भिंतीवरचं नवं पोस्टर पाहून दारातच थबकली. सखुआत्याच्या कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू होतं.

"हे कोनं केलं?"

"मी," उर्वशी खाली बघत म्हणाली. "पाच मिनिटांचं काम होतं."

मग राजदीप सांगू लागला. खेळाच्या उद्घाटनासाठी हॉल आणि मोठा पडदा देणारे मोबाइल दुकानाचे शेठ आदल्या संध्याकाळी येऊन गेले होते. "शेठ म्हणे, बिनकुकवाची बाई माह्या दुकानाच्या बोर्डावर नोको. अन्..."

"अन् काय?"

"इस्टेजवर तुमी नोका बसू म्हणे. दिवा सवाशिणीच्या हातानं लावू." तो घाईघाईने पुढे म्हणाला, "ताई, एका दिवसाचा सवाल हाये. दीड वर्स घातलं आपण याच्यात."

वैष्णवी खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. खाली यंत्र सुरू झालं होतं आणि फरशी थरथरत होती.

"घरचे म्हणतात आवाज काढा. तुमी म्हणता तोंड दाखवू नोका. मंग मी राह्यली कुठी, राजदीपभाऊ?"

ती राजदीपसमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या आजीले विहिरीले शिवू देत नव्हते, वरून पाणी ओतत, हे तुमीच सांगतलं मले. तवाही तो एका दिवसाचाच सवाल होता काय?"

राजदीपचा चेहरा एकदम उतरला. वैष्णवीने उर्वशीला उठवलं, तिच्या खुर्चीत बसली आणि माउस हातात घेतला. लाल ठिपका नाहीसा झाला.

"आत्या अशीच हाये," ती म्हणाली. "अशी चालत नसन तर माहं चित्र अन् माहा आवाज, दोन्ही काढून टाका."

मग राजदीपने मोबाइल उचलला. "शेठ, तुमचा हॉल नोको. आमी बाजारात दाखवतो." पलीकडून शेठ काय बोलले ते त्याने कुणाला सांगितलं नाही. उर्वशीने भिंतीवरचं पोस्टर आपल्या हाताने उतरवलं.

बाजाराच्या दिवशी जिनिंगजवळच्या भिंतीवर चादर ताणली. मागून आणलेला प्रोजेक्टर दोनदा बंद पडला. माणसं थांबत होती, निघून जात होती. सासऱ्यांचा हुकूम मोडून आलेली वैष्णवी सारखी रस्त्याकडे बघत होती, ते येऊन तमाशा करतील या धास्तीने. सासरे आले नाहीत. गर्दीतून वाट काढत आली ती रुखमाबाई. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एकटी एसटीत बसून.

"पोट्टे म्हणत होते, मोबाइलातली आत्या माह्यासारखी चालते," ती म्हणाली. "पाह्याले आली."

राजदीपने मोबाइल तिच्या हातात दिला. "आत्याबाई, तुमीच सुरू करा."

ती मागे सरली. "माह्या हातानं? शुभ कामात? नोको, बापा!"

"तुमच्याच हातानं," वैष्णवी म्हणाली आणि तिचं बोट बटणावर नेऊन ठेवलं.

चादरीवर सखुआत्या पदर खोचून धावत सुटली. पोरं ओरडली. दोघी-तिघी बायका नाक मुरडून निघूनही गेल्या. बकरी सरपंचाच्या खुर्चीवर चढली तेव्हा बाजार हसला, आणि रुखमाबाई इतक्या मोठ्याने हसली की पुढच्या ओळीतली माणसं मागे वळून बघू लागली.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. सदाशिवराव ओसरीवर धाकट्या मुलाच्या, अंकुरच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. रुखमाबाई आत गेली नाही. ओसरीवरच, भावासमोर बसली.

"सदाशिव, अंकुरले पयली हळद मी लावीन. मंग वैष्णवी. इतके वर्सं म्या मांगच्या खोलीतून वाजंत्री आयकली. आता तिथं बसत नाही."

"आक्का, लोक काय म्हनतीन?"

"लोक आज हसत होते. म्या डोळ्यानं पाह्यलं."

सदाशिवराव उठून शेताकडे निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भागीरथाबाई दारात आल्या आणि विखुरलेल्या पत्रिका गोळा करून आत गेल्या.

हळदीला अजून अकरा दिवस आहेत. वैष्णवी रोज एसटीने दिग्रसला जाते, पण तिचं मन थाऱ्यावर नाही. तिकडे काय होईल ते होवो. हे वाचून ज्यांना सदाशिवरावांचा राग आला असेल, त्यांनी एवढंच करावं. आपल्या घरच्या पुढच्या कार्यात वाजंत्री सुरू झाली की मागच्या खोलीचं दार उघडून पाहावं. आत कुणी बसलेलं असेल, तर हळहळून परत फिरू नये. हळदीची वाटी तिच्या हातात द्यावी.