मेलेल्या चिपचं जेवण

"मेलेल्यांना या वर्षी वेळ नाही, विदामावशी," ओग्न्येन म्हणाला आणि परिषदेच्या कार्यक्रमाचा कागद त्याने बैठकीच्या टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

विदोसावा रांचिचने चष्मा लावला. आजचा पहिला दिवस सेमीकंडक्टरवाल्यांचा, उद्याचा दुसरा बिनतारीवाल्यांचा, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त दुसऱ्या दिवशी जेवणानंतर जिथे कायम 'दाचा' असं छापलेलं असायचं, तिथे आता 'प्रमुख प्रायोजक श्री. प्रांडल यांचे भाषण' असं आलं होतं.

"माझ्या जागेवर बसवलास होय रे त्याला?" ती म्हणाली.

"जागा कोणाचीच नसते, मावशी. प्रांडल उद्या खास व्हिएन्नाहून येतोय. त्याच्यासमोर आपण उकडलेले गहू खात रडगाणं गायचं? उद्या तो म्हणेल, या लोकांना काही जमतच नाही."

"न जमलेलं सांगायलाही जमावं लागतं."

"ते तुम्हाला आणि मला कळतं हो. त्याला नाही कळायचं."

सर्बियातल्या नीश शहरातल्या त्या परिषदेला पाच सल्लागार होते. कुठला निबंध घ्यायचा, कुणाला कुठल्या दालनात बोलवायचं, चिपवाल्यांची आणि अँटेनावाल्यांची भांडणं चहापर्यंत लांबू द्यायची की आधीच तोडायची, हे सगळं पाच जण मिळून ठरवत. चौघे विद्यापीठातले होते. पाचवी विदा, ती कारखान्यातली. तो कारखाना कधीच बंद पडला होता, पण सल्लागार म्हणून तिला कोणी सोडलं नव्हतं. कारखान्यात तिचं काम मेलेले ट्रान्झिस्टर उघडायचं. टोपण काढून ते भिंगाखाली धरायचे आणि कशाने गेले ते सांगायचं. सगळे तिला डॉक्टरीण म्हणायचे, आणि डॉक्टरीण तोंडाची फटकळ होती.

दाचा तिनेच सुरू केली. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने जेवण मांडतात, ती दाचा. गहू शिजवतात, अक्रोड आणि साखर घालून सगळ्यांना एकेक चमचा देतात आणि गेलेल्याबद्दल बोलतात. अगदी पहिल्या परिषदेत एक तरुण इंजिनिअर कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. दोन वर्षं खपून केलेली त्याची चिप पहिल्याच चाचणीत मेली होती. इतर लोक आपापल्या यशाचे ढोल बडवत होते आणि हा बापडा पायातले बूट न्याहाळत होता. विदाला ते बघवेना. "अरे, माणसाला चार जण रडतात. हिला रडणारा तू एकटाच?" असं ती त्याला म्हणाली, आणि पुढच्या वेळी पातेलंभर गहू घेऊनच आली.

तिचे नियम सोपे होते. दुसऱ्याची मेलेली चिप आणायची नाही, स्वतःची आणायची. उभं राहायचं आणि पहिला शब्द 'माझी' असा म्हणायचा. मग ती कशाने मेली ते सांगायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. सांगून झालं की थोडी राकिया, म्हणजे फळांची दारू, खिडकीतल्या कुंडीत ओतायची आणि चमचाभर गहू खायचे. कुंडीतलं झाड चांगलं माजलं होतं. हळूहळू बुखारेस्ट, थेसालोनिकीहून लोक यायला लागले ते या एका तासासाठी. इथे ऐकलेल्या चुका दुसऱ्या कुठल्या परिषदेत ऐकायला मिळत नव्हत्या. त्यामुळे किती जणांच्या पुढच्या चिप जगल्या, हे विदाला पुरतं ठाऊक होतं आणि तिला त्याचा गर्व होता. तो ती लपवत नसे.

स्वतः विदाने मात्र ते गहू कधी चाखले नव्हते. तिने जन्मात एकही चिप बनवली नव्हती, तर मरणार कुठून? नियम म्हणजे नियम.

"तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा तुझी हनुवटी थरथरत होती," ती ओग्न्येनला म्हणाली.

"आठवतंय मला." ओग्न्येनने मान खाली घातली. आता तो परिषदेचा अध्यक्ष होता. "पण प्रायोजक गेला तर परिषदच उरणार नाही, मावशी. मग दाचा कुठे मांडणार? भाषण हवं त्यांनी हात वर करा, मंडळी."

तीन हात वर गेले. तिसरा स्पासोयेचा होता. हा अँटेनावाला, विदाचा जुना भांडखोर मित्र. हात वर करताना तो खिडकीबाहेरच्या नदीकडे बघत होता.

घरी रातोमिर अक्रोड फोडत बसला होता. जन्मभर शहराची बस चालवलेला हा नवरा परिषदेतलं एक अक्षरही समजत नसे, पण अक्रोड मात्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी फोडलेले विदाला चालत नसत.

"हरलीस?"

"हरले."

"मग गहू कशाला भिजत घातलेत?"

"मांडणार आहे. आत नाही तर बाहेर, कोटांच्या खुंट्यांपाशी. आणि उद्या मी खाणार आहे."

रातोमिरचा हात थांबला. "तू? तुझं काय मेलं?"

"दाचाच मेली की," विदा म्हणाली. "ती माझी होती ना?"

एवढं बोलून तिने पाठ फिरवली आणि नळ मोठा सोडला. तिला फार वाईट वाटत होतं आणि ते नवऱ्याला दिसू नये असंही वाटत होतं. रातोमिरने उठून लग्नातल्या संचातला एक चमचा काढला, सदऱ्याला पुसला आणि तिच्या कोटाच्या खिशात टाकला.

"उद्या चमचे मिळायचे नाहीत तिथे," तो म्हणाला. "गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दालनाचं दार लागलं आणि आतून टाळ्या ऐकू आल्या. बाहेरच्या मार्गिकेत टेबलावर विदाने पांढरं कापड अंथरलं, त्यावर गव्हाची परात, राकियाची बाटली, एका पेल्यात कोरडे चमचे आणि उष्ट्या चमच्यांसाठी पाण्याचा दुसरा पेला ठेवला. कुंडी तिने स्वतःच ओढत आणली. समोर कोणीच नव्हतं. खुंट्यांवरचे कोट तेवढे तिच्याकडे बघत होते.

बराच वेळ गेला. मग ती उभी राहिली, खिशातला चमचा काढला आणि घसा साफ केला. एकटीनेच म्हणायचं होतं, पण म्हणायचं तर नीट म्हणायचं.

"मा..."

"थांबा, थांबा, विदाबाई! माझा नंबर आधी आहे."

दार अर्धवट उघडून स्पासोये बाहेर आला होता. चेहरा चोरासारखा आणि हातात अँटेनाचा वाकडा झालेला पितळी तुकडा.

"तुम्ही कसे? तुम्ही तर म्हणता अँटेना मरत नाहीत, मरते ती आमची चिप."

"पंचवीस वर्षं म्हणत आलो. खोटं होतं ते." स्पासोये टेबलासमोर ताठ उभा राहिला. "माझी. पावसाचं पाणी आत शिरेल हा विचारच केला नव्हता. सगळं खापर मी चिपवर फोडलं. आणि कालचा हात... तोही माझाच."

"हाताचं नंतर बघू. गहू घ्या."

तो खात असतानाच दार पुन्हा करकरलं. थेसालोनिकीची एक बाई आली, तिच्यामागे सोफियाचे दोघे. "आम्ही कार्यक्रमपत्रिकेत दाचा शोधत होतो," बाई म्हणाली, "म्हटलं, डॉक्टरीणबाई गेल्या की काय!"

"मी एवढ्यात कुठली जाते!" विदा म्हणाली.

मग दार लागलंच नाही. चिपवाले आले, अँटेनावाले आले, एकमेकांच्या मेलेल्यांवर तुटून पडले, आणि मार्गिकेत 'माझी, माझी' असा गलका झाला. शेवटी दारात प्रांडल दिसला, उंच, नीटनेटका आणि गोंधळलेला. त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या. त्याच्या मागे ओग्न्येन होता, घाबरलेला.

चहाफराळ असेल असं समजून प्रांडलने हसत पेल्यातला चमचा उचलला.

"थांबा," विदा म्हणाली. कारखान्यातल्या जर्मन यंत्रांपायी शिकलेली तिची जर्मन खडबडीत होती, पण कोणाला कळली नाही असं कधी झालं नव्हतं. "हे असंच खायचं नसतं. आधी सांगा, तुमचं काय मेलं?"

"मावशी!" ओग्न्येन कळवळून पुटपुटला. "पाया पडतो तुमच्या."

स्पासोयेने चघळणं थांबवलं. हा माणूस आत्ता चमचा ठेवून निघून गेला तर पुढच्या वेळी परिषद नसेल, आणि तो दोष तिच्या माथी येईल. पण तिने नजर हटवली नाही. प्रायोजक आहे म्हणून याला फुकट गहू दिले, तर आजवर थरथरत उभ्या राहिलेल्या सगळ्या पोरांचा तो अपमान होता.

प्रांडलने चमचा दोन्ही हातांत धरला. शेजारच्या थेसालोनिकीच्या बाईने त्याच्या कानात नियम सांगितला. मग त्याने कोटाचं बटण लावलं, शाळेत उभं राहतात तसा उभा राहिला.

"माझी," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची रेडिओची चिप. आम्ही बाहेर सांगितलं की बाजार बदलला म्हणून थांबवली. ती तापायची. मला माहीत होतं, आणि मी घाई केली. हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा."

विदाने राकियाचा पेला त्याच्या हातात दिला आणि कुंडीकडे बोट दाखवलं. त्याने हळूच ओतली. मग गहू खाल्ले, आणि परत चमचा भरायला लागला तेव्हा तिने परात मागे ओढली.

"दुसरा चमचा हवा तर दुसरी मेलेली सांगा."

प्रांडल मोठ्याने हसला आणि म्हणाला, "आहे ना. खुर्ची मिळेल का?"

मार्गिकेत हशा उसळला. ओग्न्येन मात्र हसला नाही. तो गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आला. हातात त्याने स्वतः बसवलेली कार्यक्रमपत्रिका होती.

"मावशी, माझी पण एक आहे."

"तुझी कुठली?"

"माझी," तो ताठ उभा राहून म्हणाला, आणि पत्रिका कुंडीशेजारी ठेवली. "दालनात एक माणूस उरला नाही. माणसं कशासाठी येतात तेच विसरलो होतो, त्याने मेली."

त्याची हनुवटी थरथरत होती, अगदी पहिल्या वेळेसारखी. विदाने त्याला चमचा भरून दिला, अक्रोड जरा जास्तच घातले.

"पुढच्या वेळी मोठ्या दालनात," तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला.

"आधी गिळ. मग ठराव कर."

परात खरवडायची वेळ आली. स्पासोयेने तळातले चार दाणे एका बाजूला केले. "विदाबाई, हे तुमचे. आज तुम्ही उभ्या राहिला होतात, मी ऐकलं. 'मा' म्हणालात. सांगा आता, तुमचं काय मेलं?"

सगळे तिच्याकडे वळले. विदाने हातातल्या चमच्याकडे पाहिलं. मग त्या भरलेल्या मार्गिकेकडे, वाद घालणाऱ्या चिपवाल्यांकडे, परक्याच्या खुर्चीवर बसून दुसरी मेलेली सांगायला निघालेल्या प्रांडलकडे.

"माझं?" ती म्हणाली. "माझं काही मेलेलं नाही."

पाण्याच्या पेल्यात उष्टे चमचे दाटीवाटीने उभे होते. तिने आपला चमचा कोरडाच परत खिशात टाकला आणि स्पासोयेच्या हातातली परात घेऊन पुढच्या माणसाकडे वळली.