माझं कापसाचं जाकीट

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, 'जुना' हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो. दुसऱ्या कुणी तोंड वाकडं करून वापरला की माझं डोकं फिरतं. आजचे ते पातळ, चकचकीत, नुसते मिरवायला आणलेले लॅपटॉप माझ्याइतकं राबून दाखवू देत, मग बोलू आपण.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तिथून थेट एका हिशेबनिसाच्या ऑफिसात गेलो. तो माणूस आकड्यांशिवाय दुसरं काही करायचाच नाही. माझ्या आकड्यांच्या बटणांवरची छपाई त्यानं बोटांनी पुसून टाकली. कधी शाबासकी नाही, कधी शिवी नाही. मग नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ खात पडलो, अगदी नाकातोंडात जाईपर्यंत.

मला तिथून सोडवलं ते बाबांनी. बाबा वायरमन. ऑफिसातले पंखे बदलायला आले होते. हिशेबनीस म्हणाला, "हा घेऊन जा, उगाच जागा अडवतोय." बाबांनी मला शर्टाच्या टोकानं पुसलं आणि घरापर्यंत छातीशी धरून आणलं.

घर म्हणजे एकच खोली. खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन, खाटेखाली बाबांची वायरची भेंडोळी. मधल्या टेबलावर मी आणि माझ्यासमोर त्यांची मुलगी. तिला सगळे सुई म्हणायचे. अंगानं तशी, आणि जिभेनंही तशीच.

शाळेच्या गणवेशाच्या खिशावर भरतकामाचा छोटा बिल्ला असतो, पाहिलाय ना? तो आता मशीन भरतं. पण कुठला टाका कुठे, कुठल्या दिशेनं, हे मशीनला आधी कुणीतरी आखून द्यावं लागतं. सुई ते काम शिकली होती आणि माझ्यावर करायची. मी हळू चालायचो. पण तिनं मला टाकलं नाही. आधी माझी दमलेली हार्डडिस्क काढून नवी एसएसडी बसवली, आणि मी पापणी लवायच्या आत जागा व्हायला लागलो. मग रॅम वाढवली. निम्मी बटणं मेली होती, म्हणून वेगळा कीबोर्ड आणला. माऊससुद्धा नवा. सांगतो तुम्हाला, त्या दिवसांत माझा रुबाब बघण्यासारखा होता.

ते बघून आई म्हणाली, "एवढे लाड चाललेत त्याचे, आणि अंगावर घालायला काही नको?"

तिनं माझ्यासाठी जाकीट शिवलं. निळं कापड, आत कापूस, कडेला लाल गोट. चार्जर, कीबोर्ड आणि माऊससाठी दोन्ही बाजूंना काजं केली होती, म्हणजे काम करतानाही मी जाकिटातच, पडदा तेवढा बाहेर. जो येईल तो हात फिरवून जायचा. मीही फुगलो होतो. फक्त एक गोष्ट राहून गेली. मी श्वास पोटाखालून घेतो. तिथे बारीक जाळी आहे. आईनं नेमका तिथेच कापूस जास्त भरला होता. टेबल टोचू नये म्हणून.

झालं. काम रंगात आलं की मी तापायचो आणि धाडकन बंद पडायचो. सुई चिडायची, आखलेलं निम्मं काम वाया जायचं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं.

मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तपासायला त्यानं आधी जाकीट काढलं. मग मी का बंद पडेन? त्याच्या दुकानात दुपारभर तुरुतुरु चाललो.

"ताई, याला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला.

"दादा, घरी नेला की बंद पडतो."

"मग घरातच काहीतरी असणार. वायरिंग बघून घ्या."

हे बाबांच्या कानावर गेलं आणि ते उखडलेच. "अख्ख्या वस्तीत दिवे लावले मी. आणि माझ्या घरातली वायरिंग खराब?" तरी त्यांनी रागारागात सॉकेट बदललं. नवा चार्जर आला. मग खाली पंखे असलेलं स्टँड आलं, त्यावर मला बसवलं. जाकिटासकट. पंखे बिचारे कापसावर फुंकर मारत बसले. मी बंद पडायचो तो पडतच राहिलो.

तेवढ्यात एक मोठं काम चालून आलं. गणवेशवाल्या एका काकूंचा शिवणकामाचा कारखाना होता. त्यांना मोसमभराचे सगळे बिल्ले एकाच माणसाकडून आखून हवे होते. पण त्यांची अट होती. "माझ्यासमोर बसून एक बिल्ला आखून दाखवायचा. मागच्या पोरानं दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवलं होतं."

जमलं नाही, तर सुईनं खोके भरायच्या कामाला जायचं आणि मी भंगारात, असं घरात ठरलं होतं.

"तिथे बंद पडला तर?" बाबांनी विचारलं.

"नाही पडणार."

"घरी तर पडतो."

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसाल?"

चारचौघांत मी नीटनेटका दिसावा म्हणून आईनं आदल्या दिवशी जाकीट धुवायला काढलं. सकाळी ते ओलंच होतं. सुईनं मला टॉवेलात गुंडाळून नेलं.

कारखान्यात शिलाई मशीनची रांग होती. काकू चष्मा लावून शेजारी बसल्या. उघडं पुस्तक आणि त्यातून उडणारा पक्षी, असा बिल्ला होता. सुईनं पुस्तक आखलं, पक्ष्याचं अंग आखलं. मी एकदाही अडखळलो नाही. टेबलाची गार फळी, पोटाखालून हवा येतेय. पंख तेवढे राहिले, आणि सुई काकूंबरोबर दोऱ्यांचे रंग बघायला भिंतीवरच्या फळीपाशी गेली.

तेवढ्यात आई आली. धापा टाकत, हातात इस्त्री केलेलं जाकीट. "उघडंच आणलं गं याला," असं पुटपुटत तिनं मला अलगद आत सरकवलं.

सुई परतली आणि पंख आखायला लागली. माझा पंखा घरघरला, मग किंचाळायला लागला. माऊसचा बाण पडद्यावर अडकून पडला.

"काय झालं?" काकू म्हणाल्या.

"आत्तापर्यंत तर नीट होता," सुई म्हणाली. "मग आत्ता असं काय बदललं..." आणि तिची नजर लाल गोटावर गेली.

"आई, ते काढ."

"काय काढू?"

"जाकीट. आधी काढ."

शिवणाऱ्या बायकांनी पाय थांबवून वर बघितलं. आईनं जाकीट ओढून काढलं आणि तिचा तळहात माझ्या पोटाला लागला. तिनं तो झटकन मागे घेतला.

"अगं, ही तर इस्त्री आहे," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मी जीव मुठीत धरून उभा होतो. पण पडलो नाही. हवा लागली, पंखा शांत झाला, बाण हलला. सुईनं पहिलं काम काय केलं, तर झालेलं सगळं सेव्ह केलं. मग पंख पुरे केले. भरतकामाच्या मशीननं टाके घातले. काकूंनी बिल्ला उलटा करून मागून अंगठा फिरवला.

"मागे गुंता नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे कधी देतेस?"

आई जाकिटाची घडी घालून कोपऱ्यात उभी होती. सुईची जीभ मला माहीत आहे, म्हणून मीच घाबरलो. पण आईच पुढे आली.

"कात्री द्या जरा."

तिनं जाकीट पालथं केलं आणि बुडाचा चौकोन कापायला घेतला. आतला कापूस टेबलभर सांडला. सुईनं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"सांभाळून, कड उसवेल."

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली. हसत म्हणाली.

आता त्या बिल्ल्याची पोरं सकाळी खिडकीखालून जातात. एवढ्या खिशांवर माझं काम असतं आणि एकालाही माहीत नसतं. मला मात्र मान वर करून बघावंसं वाटतं.

जाता जाता एवढंच मागतो, मित्रांनो. घरातल्या जुन्या वस्तूला नवे भाग आणा, नटवा, काय वाटेल ते करा. पण एकदा तिला पालथी करून बघा, ती श्वास कुठून घेते ते. आणि मायेनं कुणाचं काही चुकलं, तर त्याच्या हातातली कात्री हिसकावू नका. कापड ताणून धरा.