दोघांपुरतं माप

बंदुकीच्या परवान्याच्या वहीत पहिला शिक्का पडला, त्याला बारा सप्टेंबरला दहा वर्षं पुरी होणार होती. चिहारुने ती तारीख सकाळपासून तीनदा तपासली. तारीख काही पळून जाणार नव्हती, पण दहा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला एवढी शंका माफ असावी.

छऱ्याची बंदूक दहा वर्षं बिनतक्रार सांभाळून दाखवा, मग रायफल मागा, असा सरकारचा नियम. दहा वर्षांत माणसं लग्न करतात, मोडतात आणि खाज असेल तर पुन्हा करतात. चिहारुने केलंही एकदाच आणि मोडलंही एकदाच. बाकीचा काळ ती दुधाचा टँकर घेऊन गोठ्यागोठ्यांवर फिरली. कंपनीने साप्पोरोला बढती देऊ केली, तेव्हा तिथली हवा मानवत नाही असं सांगून मोकळी झाली. हवेला बिचारीला कशाला दोष द्यायचा? तिला हिवाळ्यातले रविवार सोडायचे नव्हते.

हिवाळ्यातले रविवार म्हणजे तोगाशीकाका. वय एक्याऐंशी, बोलणं तिरकं, चाल मात्र हरणालाही कळू नये अशी. गावात कधीकाळी एकोणीस बंदुका होत्या. कुणी मेलं, कुणी लेकाकडे शहरात गेलं, आणि आता हे दोघेच उरले होते. बर्फात पुढे काका, मागे ती. हरीण पडलं की एकाने गुडघे टेकून सोलायचं आणि दुसऱ्याने बंदूक घेऊन त्याची पाठ राखायची, कारण रक्ताचा वास अस्वलालाही लागतो. चिहारुला सोलताना मागे काकांचे बूट बर्फात करकर वाजलेले ऐकू यायचे. आठवड्याच्या सात दिवसांत तिच्या पाठीमागे कुणी असण्याचा तेवढाच एक दिवस होता.

पहिल्याच वर्षी काका म्हणाले होते, "रायफल आली की तू पुढे चालायचंस. मी मागे." या एका वाक्यावर तिने दहा वर्षं काढली.

त्या दुपारी ती त्यांच्याकडे गेली, तेव्हा काका अंगणात बटाटे वाळत घालत होते. त्यांनी तिला आत बसवलं आणि कप पुढे केला. कपात नुसतंच गरम पाणी होतं.

"काका, चहा महागलाय वाटतं."

काकांनी कपात पाहिलं, थोडं जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्यासारख्या पाहुण्याला हेच पुष्कळ. बोल, माप ठरलं का?"

"त्यात काय ठरवायचंय? तीनशे आठ."

"नको. तीनशे मॅग्नम घे."

आकड्यांवर जाऊ नका. शिकाऱ्यांचं गणित शाळेतल्यासारखं नसतं. तीनशे मॅग्नमची गोळी तीनशे आठपेक्षा कितीतरी दांडगी. तिचा धक्का खांद्याला आठवडाभर आठवत राहतो, आणि जवळून लागली तर हरणाचं अर्धं मांस फेकून द्यावं लागतं. हे सगळं चिहारुला शिकवलं होतं खुद्द काकांनी. मोठं माप घेऊन फिरणाऱ्यांची त्यांच्याइतकी टिंगल जिल्ह्यात कुणी केली नसेल. भित्री माणसं मोठं माप घेतात, हे त्यांचं पेटंट वाक्य.

"तुम्हीच तर म्हणायचात, मांस खायचंय की उधळायचंय?"

"म्हणत असेन. आता तीनशे मॅग्नम म्हणतोय."

"म्हणजे मी भित्री?"

"तू हट्टी. अस्वल समोर आलं तर तीनशे आठने त्याला काय गुदगुल्या करणार?"

"तुमची रायफल असेल ना मागे! अस्वलासाठी तुम्ही, हरणासाठी मी. आपलं ठरलंय तसं."

काका उठून खिडकीशी गेले आणि बाहेरच्या बटाट्यांकडे पाहत राहिले.

"काका, माझ्या नेमावर भरवसा नाही, असं सरळ सांगा की."

"नाही भरवसा," काका पाठमोरेच म्हणाले. "झालं समाधान? जा आता, टँकरचं दूध नासेल."

टँकर त्या दिवशी रिकामाच होता आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. चिहारुच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांत त्यांनी तिला गाढव म्हटलं होतं, बैल म्हटलं होतं, एकदा तर गोणपाट म्हटलं होतं, पण असं कधी बोलले नव्हते. गरम पाण्याचा कप तसाच ठेवून ती निघाली.

बारा तारखेला सुट्टी काढून ती कुशिरोला सासामोरींच्या बंदुकांच्या दुकानात गेली. साठीचे सासामोरी कुठल्याही गिऱ्हाइकाला बंदुकीपेक्षा स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल जास्त सांगत. आधी बंदूक पसंत करायची, तिच्या कागदांवर दुकानदाराची सही घ्यायची आणि मग पोलिसांकडे अर्ज करायचा, असा क्रम. चिहारु रागाने फॉर्म भरत गेली. नाव, वय त्रेचाळीस, धंदा टँकरचालक. घरातील इतर व्यक्ती या रकान्यात तिने दहा वर्षांपूर्वीसारखंच 'कोणी नाही' असं लिहिलं.

"तीनशे आठ," ती म्हणाली. "लाकडी दस्त्याची."

सासामोरींनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "तीनशे मॅग्नमचा एक चांगला नग आलाय. पाहून तर घ्या."

"तुम्हालाही काकांचा फोन आला वाटतं! भित्र्या माणसांचं माप मला नको. आणि मी काय एकटी फिरणार आहे? काका असतातच मागे."

सासामोरींनी पेन खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले. "या इकडे," म्हणाले.

आतल्या खोलीत, मोडीत काढायच्या बंदुकांच्या कपाटात, एक जुनी रायफल उभी होती. नळी मधोमध कापलेली. दस्त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. ती पट्टी तीन हिवाळ्यांपूर्वी चिहारुने स्वतः गुंडाळली होती, दस्ता तडकला तेव्हा, गारठलेल्या बोटांनी, आणि काका वरून म्हणत होते की बाळाला लंगोट गुंडाळतेयस का?

"जूनमध्ये आणून दिली," सासामोरी म्हणाले. "परवाना पुढे चालू ठेवायला या वयात स्मरणाची परीक्षा द्यावी लागते. सोळा चित्रं दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात, काय काय होतं. त्यांना दोनच सांगता आली. डॉक्टरांकडे जाऊन आले. मग पोलिसांनी सांगण्याआधी स्वतःच घेऊन आले. माझ्यासमोर कापा म्हणाले. मी कापली, ते बघत उभे राहिले."

"मला का नाही सांगितलं?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, दहा वर्षं थांबलीय पोर, तिचा आनंद बारा तारखेपर्यंत तरी टिकू दे. ती येईल, तीनशे आठ मागेल. तिला देऊ नका, का ते सांगू नका." सासामोरींनी कपाट लावलं. "मी सांगून बसलो. पण दोघं असाल तर तीनशे आठ उत्तम, ताई. एकट्या माणसाने सोलायला बसायचं म्हणजे रायफल हाताशी हवी, आणि मोठीच हवी."

चिहारु बाहेर येऊन खुर्चीवर बसली. भरवसा नाही, हे काकांनी स्वतःबद्दल म्हटलं होतं, आणि आपण मात्र तरातरा निघून आलो, याची तिला फार लाज वाटली. मग तिने फॉर्म पुढे ओढला. मापाच्या रकान्यात तिने तीनशे मॅग्नम लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

परतीच्या वाटेवर तिने भांडण जुळवून ठेवलं होतं. असं लपवतात का? मी काय परकी? पण अंगणात काका दिसले, हसून हात हलवणारे, आणि तिचं सगळं भांडण विरघळून गेलं. त्यांनी तिला आत बसवलं. या खेपेला चहा होता, चांगला कडक.

"पोरी, तुझी दहा वर्षं कधी पुरी होतायत?"

"आज," चिहारु म्हणाली. "आज झाली, काका."

"अरे वा! मग माप ठरलं का?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. थट्टा करताना त्यांचा डावा डोळा बारीक होई. तो बारीक झाला नव्हता.

"तीनशे मॅग्नम," ती हळूच म्हणाली.

"काय?" काका खो खो हसले. "अगं, हरीण मारायचंय की डोंगर फोडायचाय? भित्री माणसं घेतात ते माप. तीनशे आठ घे. अस्वल आलं तर मी आहे ना मागे!"

हे ऐकायलाच तर ती गेल्या खेपेला आली होती. तिने कप खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही आहात ना."

"थांब, माझी आणतो. हातात घेऊन वजन तरी बघ." आणि ती काही बोलायच्या आत ते आतल्या खोलीत गेलेसुद्धा. लोखंडी कपाटाची किल्ली फिरली, दार उघडलं. नंतर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

चिहारु आत गेली. काका रिकाम्या कपाटासमोर उभे होते. एक हात आत, रायफल ठेवायच्या खाचेवर.

"चिहारु, इथे माझी..."

"दुरुस्तीला दिलीय, काका. सासामोरींकडे. दस्ता तडकला होता ना?"

"हां, दस्ता." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. "वेळ लागेल म्हणाला का तो?"

"लागेल थोडा."

"त्याचं गुडघेपुराण संपलं तर ना." काकांनी कपाटाचं दार लावलं, किल्ली दोनदा फिरवून खात्री केली. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला, रायफलीचा धक्का जिथे बसतो नेमक्या त्याच जागी. "मग यंदा मोसम सुरू झाला की तू हो पुढे. मी येतोच मागून."

चिहारु हो म्हणाली.