जांभळी कड

रुक्मानं कागद टेबलावर आपटला तेव्हा केशर मॉनिटरमागच्या निळ्या भिंतीवर काळं घोंगडं टांगत होती.

"वाच," रुक्मा म्हणाली. "आमच्या पोरानं, कान्हूनं, एकदा वाचून दावलंय. आता तुझ्या तोंडनं ऐकू दे."

केशरला तो कागद पाठ होता. जोयडा तालुक्यातल्या कंदांवर एक सरकारी पुस्तिका निघायची होती. तिच्यातले बावीस रंगीत फोटो रामनगरच्या बाबुरावांच्या स्टुडिओनं काढले होते आणि बी.एस्सी. झालेल्या केशरनं ते कॉम्प्युटरवर तयार करून बेळगावच्या छापखान्यात पाठवले होते. एकवीस पास झाले. दिग्गी गावच्या रुक्माच्या कंदापुढं लाल शाईत शेरा होता: नमुना सडका. वगळावा.

"अक्का, बसा आधी."

"बसाय न्हाई आले. सासूच्या सासूपासनं लावतो आमी ह्यो कंद. आख्खी वाडी बियाणं माझ्याकडनं नेतीया. परवा शेजारच्या पुतळीनं नेलेलं बी परत आणून दिलं. म्हणं, सरकारी कागदावर सडकं लिवलंय. आता कुणाच्या दारात जाऊन सांगू?"

गिऱ्हाइकाच्या फोटोच्या कडा कापत बसलेले बाबुराव हसले. "छापखान्यातल्या मानसाला चष्मा लागलाय, दुसरं काय."

"छापखान्याची चूक नाही, काका," केशर म्हणाली. कोपऱ्यात काढून ठेवलेल्या जुन्या मॉनिटरकडं बोट दाखवताना तिचा आवाज चढला होता. "चूक त्या डबड्याची आहे. लग्नातले चेहरे गोरे दिसावेत म्हणून तुम्ही त्याचा निळा रंग चढवून ठेवला होता. मला सांगितलंत?"

"तू इचारलंस?"

हे मात्र खरं होतं आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता. निळसर पडद्यावर कंद फार निळा दिसला, म्हणून तिनं आठवणीवर भरवसा ठेवून चित्रातला निळा काढत नेला होता. पांढरे कंद थोडे पिवळट छापले गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रुक्माच्या कंदाची जांभळी कड मात्र तपकिरी होऊन बसली. कॉलेजात व्हर्नियर मोजपट्टीचा शून्य तपासल्याशिवाय तिनं कधी माप घेतलं नव्हतं. इथं चार महिने ती शून्य न तपासलेल्या पडद्यासमोर बसली होती.

पडद्याला चिकटवून रंग मोजायचं यंत्र असतं, एवढं तिनं वाचलं होतं. बेळगावच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, मुंबईत कुणाकडं असलं तर असंल. शेवटी दुकानातल्या चारही मॉनिटरांपुढं फोटोग्राफरचा करडा पुठ्ठा धरून तिनं त्यातला एक निवडला होता. पडद्यावरचा करडा रंग त्या एकावरच पुठ्ठ्यासारखा दिसत होता. दोन दिवसांच्या बोलीवर तिनं तो आणला होता. सकाळी अर्धा तास तापू दिला, दुसऱ्या रंगानं डोळा फसू नये म्हणून ट्यूबलाइट बंद केली आणि पुठ्ठ्याशी पुन्हा जुळवून घेतला. भिंतीवरचं घोंगडंही त्यासाठीच होतं.

"मढ्यावानी फिका हाय," बाबुराव म्हणाले. "गिऱ्हाईक पळंल. उद्या परत जाईल ह्यो."

छापखान्याला पाठवलेलं चित्र केशरनं नव्या पडद्यावर उघडलं.

रुक्मा पुढं वाकली. "ह्योच. सडका."

"हा मी सडवला, अक्का. कंद चांगलाच होता." तिनं मूळ, हात न लावलेलं चित्र उघडलं. "आता गाठोड्यात आणलेला कंद कापता का? शेजारी धरून बघायचंय."

रुक्मानं गाठोडं सोडलं. आत एकच कंद होता. "पेरायचा हाय ह्यो," ती म्हणाली आणि तिनं कंद हातात फिरवून बघितला. मग कमरेचा कोयता काढला. "डोकं ऱ्हाऊ दे. उगवतंय ते डोक्यालाच. शेपटाकडनं कापते."

पांढरीशुभ्र चकती निघाली, भोवती जांभळी कड. केशरनं ती पडद्याशेजारी धरली आणि माऊस हलवायला लागली. जुळतंय असं वाटेपर्यंत चकती काळवंडली.

"वारा लागला की जातो रंग," रुक्मा म्हणाली. "फोटू काढताना बी तू चकती कापून ठेवून च्या प्यायला गेलीस. म्या बघितलं."

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"शिकल्याली तू. मला वाटलं, असंल काय तरी त्यात."

केशरचे कान तापले. रुक्मानं दुसरी चकती कापली आणि या वेळी स्वतःच धरली. "लाल कमी कर. आनि थोडा. आता थांब. थांब म्हणते न्हवं?"

"हिलाच ठेवावी कामाला," बाबुराव म्हणाले.

"ठेव की. तुझ्यासारख्याला दिसत न्हाई तरी दुकान चालतंय."

तिसऱ्या चकतीला कड जुळली. केशरनं चित्र फ्लॉपीत घेतलं. मग छापखान्याच्या कागदावर, लाल शेऱ्याखाली, लिहिलं आणि सही केली.

रुक्मानं कागद तिच्या हातातून काढून बाबुरावांपुढं धरला. "तू वाच. हिच्यावर न्हाई इश्वास."

बाबुरावांनी घसा साफ केला. "नमुना ताजा व निरोगी होता. फोटो तयार करणारीची चूक झाली. नवा फोटो सोबत आहे."

"फोटो तयार करणारी कोण? नाव घाल."

केशरनं पूर्ण नाव घातलं.

"आनि एक लिव असंच. पुतळीला दावाय."

दुसरा कागद घडी करून रुक्मानं पदरात बांधला, उरलेलं डोकं फडक्यात गुंडाळलं. दारात ती वळली. "पुस्तक आलं की ताजा कंद घेऊन येते. कापून शेजारी धरणार. न्हाई जुळला तर ह्याच कोयत्यानं तुझा पडदा फोडते."

"या," केशर म्हणाली.

रुक्मा गेल्यावर बाबुराव नव्या मॉनिटरच्या बटणाकडं हात नेऊ लागले. "ठेवायचाच असंल तर एवढासा उजेड तरी..."

केशरनं चिकटपट्टी घेतली आणि एकामागून एक सगळी बटणं झाकून टाकली.