दोन ओळींचं पत्र

“यमुना, तुझी त्या आफ्रिकन लोकांशी ओळख आहे ना?”

योखेन ब्रिंकमानने दारातूनच विचारलं. यमुनाबाई जमिनीवर बसून पोस्टरांच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडत होत्या. प्रत्येक पोस्टरवर ब्रिंकमान ताजातवाना हसत होता. दारातला ब्रिंकमान मात्र घामाघूम, डोळे तारवटलेले.

“कोणत्या आफ्रिकन लोकांशी?”

“म्हणजे, इथले काळे लोक. घानाचे, टोगोचे, काँगोचे. तुझ्याकडे फॉर्म भरायला येतात ते.”

“येतात. पण ते सगळे एक नाहीत, योखेन. त्यांची भाषासुद्धा एक नाही.”

“असू दे. त्यांच्यातल्या किती जणांना मत आहे?”

“जर्मन पासपोर्टवाले? मला ठाऊक असलेले अडीचशे-तीनशे असतील. बहुतेक घानाचे.”

“तीनशे!” ब्रिंकमानने आकडा तोंडात घोळवला. “या वेळी चार-पाचशे मतांवर निकाल फिरणार आहे. तू एक सभा लाव. तू बोलावलंस तर येतील. तू त्यांच्यातलीच आहेस.”

यमुनाबाईंनी मान वर केली. सातारा आणि घाना यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र आहे, हे सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण अठ्ठावीस वर्षांत ते इतक्यांदा सांगून झालं होतं की आता कंटाळा आला होता. “बघते,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडू लागल्या.

२००५ सालचा तो ऑगस्ट. निवडणूक वर्षभर आधीच येऊन आदळली होती आणि पक्षाने ऐन वेळी ब्रिंकमानला संसदेचं तिकीट दिलं होतं. त्याच्या आधी इथे फ्राऊ हेस खासदार होत्या. कोलोनमध्ये राइनच्या पूर्वेला, कामगारवस्तीतल्या त्यांच्या कार्यालयात यमुनाबाई सोळा वर्षं अर्धवेळ कारकुनी करत होत्या. पत्रं टाइप करायची, फाइली लावायच्या, सभेनंतर खुर्च्या आवरायच्या. त्यांना कुणी बढती दिली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती. पक्षात सगळे एकमेकांना ‘डू’ म्हणत, म्हणजे अरे-तुरे करत, त्यामुळे चाळिशीतला ब्रिंकमानही सत्तावन्न वर्षांच्या यमुनाबाईंना ‘तू’च म्हणे.

जर्मनीत आयुष्यातली प्रत्येक गोष्ट पत्रानेच घरी येते, आणि ते पत्र कळायला जर्मन माणसालाही दोनदा वाचावं लागतं. या कार्यालयात एक सावळी बाई बसते, ती कपाळाला आठी न घालता पत्र वाचून समजावून देते, हे हळूहळू षटकर्णी झालं. मग तुर्की आले, इराणी आले, घानाच्या बाया आल्या. महाराष्ट्र मंडळात एकीने विचारलंही होतं, “अगं, तू त्या लोकांच्यात कशी काय मिसळतेस?” यमुनाबाईंनी तिला आणखी एक लाडू वाढला होता.

घानाच्या बायांमध्ये पहिली आली होती कम्फर्ट असान्ते. बारा वर्षांपूर्वी, लेकराच्या बालवाडीचा फॉर्म घेऊन. ती इस्पितळात साफसफाईचं काम करायची, मोठ्याने हसायची, आणि तिने शब्द टाकला तर पन्नास घरांतली माणसं हातचं काम टाकून यायची. ब्रिंकमानला हवी होती ती माणसं म्हणजे खरं तर कम्फर्ट होती.

यमुनाबाई तिच्या घरी गेल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कांदा चिरत होती. डोक्याला पिवळं फडकं घट्ट गुंडाळलेलं. मार्चमध्ये तिला स्तनाचा कॅन्सर निघाला होता, आणि केस गेल्यापासून ती आरशासमोर जात नव्हती.

“आंटी, आईचा व्हिसा पुन्हा नाकारला,” ती म्हणाली. तिचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं जर्मन. “म्हणतात, म्हातारी परत जाईल कशावरून? आणि भावाचा पगार हमीला पुरत नाही म्हणे.”

यमुनाबाईंच्या डोक्यात तेव्हाच ते आलं. फ्राऊ हेस अशी पत्रं लिहायच्या. दूतावासाला दोन ओळी: प्रकरण मला ठाऊक आहे, कृपया पुन्हा विचार व्हावा. कधी काम व्हायचं, कधी नाही. पण खासदाराच्या सहीचा कागद कुणी सहसा बाजूला सारत नसे.

“ब्रिंकमान येणार आहे तुमच्याकडे मतं मागायला,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांसमोर त्याला विचार. आईचं विचार.”

कम्फर्टने सुरी खाली ठेवली. “कसा आहे माणूस?”

त्या वेळी ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला हवं होतं. ब्रिंकमानबरोबर काम करून त्यांना जेमतेम सात आठवडे झाले होते. पण कम्फर्ट त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“चांगला आहे,” यमुनाबाई म्हणाल्या.

“तुम्ही म्हणता ना? मग झालं.”

सभा रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चमागच्या दालनात झाली. शंभर-सव्वाशे माणसं आली. बायांनी ठेवणीतले कपडे घातले होते, मागे टेबलावर भाताची पातेली होती, आणि पोरं आपसांत अस्सल कोलोनी जर्मनमध्ये भांडत होती. ब्रिंकमान वीस मिनिटं बोलला. नोकऱ्या, शाळा, सन्मान. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. मग एक म्हातारा उठून म्हणाला, “तीन वर्षांपूर्वीही तुमच्यासारखे एक साहेब आले होते. भात खाऊन गेले.” दालन हसलं. ब्रिंकमानही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

त्यानंतर कम्फर्ट उठली. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि तिने आईचं सांगितलं. रडली नाही. “मला नोकरी नको, घर नको,” ती म्हणाली. “माझी आई एकदा इथे यायला हवी. मी जिवंत असताना.”

ब्रिंकमान व्यासपीठावरून खाली उतरला, तिच्याजवळ गेला आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. यमुनाबाईंनी ते जवळून पाहिलं.

“निवडून आलो, तर पहिल्याच आठवड्यात दूतावासाला पत्र जाईल,” तो म्हणाला. “यमुना लिहील, मी सही करीन.”

सव्वाशे माणसांनी वळून यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाईंनी मान हलवली. मग मात्र टाळ्या अशा वाजल्या की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

अठरा सप्टेंबरला ब्रिंकमान चारशे बारा मतांनी निवडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कम्फर्टचा फोन. “आंटी, त्यात आमची सगळी मतं आहेत. भावाने घरोघर जाऊन माणसं बाहेर काढली.”

यमुनाबाईंनी पत्र तयारच ठेवलं होतं. दोन ओळींचं. ते त्यांनी सहीच्या फोल्डरमध्ये सगळ्यांत वर घातलं. संध्याकाळी फोल्डर परत आला तेव्हा बाकीच्या अकरा कागदांवर सह्या होत्या, हा कागद तसाच. त्यांना वाटलं, नजरचुकीने राहिला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. मग ब्रिंकमान बर्लिनला गेला, परत आला, पुन्हा गेला. पत्र प्रत्येक वेळी कोरंच परत यायचं. ऑक्टोबर अर्धा सरला. कम्फर्टला पुन्हा इस्पितळात भरती केलं. ती जिथे फरशा पुसायची त्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर.

त्या दिवशी यमुनाबाई पत्र हातात घेऊनच त्याच्या खोलीत गेल्या.

“योखेन, ही सही राहिली आहे.”

त्याने कागदाकडे न बघताच चष्मा काढला. “राहिलेली नाही. बर्लिनमध्ये सगळ्यांना बजावलंय, व्हिसाच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. ढिलाईने व्हिसे वाटले म्हणून या वर्षी संसदेत केवढं रामायण झालं, पाहिलंस ना? मी नवा आहे तिथे. पहिल्याच महिन्यात माझं नाव असल्या कागदावर नको.”

“तू तिचा हात धरून सांगितलं होतंस.”

“मनापासून सांगितलं होतं, यमुना. खोटं नव्हतो बोलत.”

आणि तेही खरं होतं. त्याच्यावर ओरडावं इतकीही जागा त्याने ठेवली नव्हती. यमुनाबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. ट्राममध्ये बसल्यावर त्यांना इतका थकवा आला की उतरायचा स्टॉप निघून गेला आणि दोन स्टॉप मागे चालत यावं लागलं.

इस्पितळात कम्फर्ट उशीला टेकून बसली होती. यमुनाबाईंनी कोट न काढताच सांगून टाकलं. “पत्र गेलं नाही. जाणारही नाही. आणि माणूस चांगला आहे असं मी तुला सांगितलं ते काही माहीत नसताना सांगितलं.”

कम्फर्ट म्हणाली, “माझ्या भावाला इतक्यात सांगू नका, आंटी. त्याने खूप लोकांना शब्द दिलाय.”

घरी त्यांचे यजमान सुधीरराव सूप गरम करत होते. इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. यमुनाबाईंनी जेवता जेवता विषय काढला. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन कुणीही पाहुण्याच्या खर्चाची हमी देऊ शकतो. त्या कागदाचं नाव फेरफ्लिश्टुंग्जएर्क्लेरुंग. उच्चारतानाच दम लागावा असं.

“अगं, हमी म्हणजे काय, कळतंय ना?” सुधीरराव म्हणाले. “म्हातारी इथे येऊन आजारी पडली, तर सगळं आपल्या गळ्यात. आल्झो, म्हणजे, आपण कोण त्यांचे?”

“कुणी नाही.”

“मग? त्या ब्रिंकमानने शब्द दिला, त्याला निस्तरू दे.”

“अहो, त्याच्या शब्दावर कोण आलं होतं? लोक माझ्या तोंडाकडे बघून आले.”

सुधीररावांनी आखेनला शिकणाऱ्या लेकीला फोन लावला. “ईप्सिता, आता तूच समजाव तुझ्या आईला.” सगळं ऐकून लेक जर्मनमध्ये म्हणाली, “बाबा, आईचं ठरलंय. तुला ते कळतंय, आणि मला मध्ये घालतोयस.” सुधीररावांनी फोन ठेवला, आपली ताटली धुतली आणि झोपायला गेले.

सकाळी यमुनाबाई उठल्या तेव्हा टेबलावर पेन्शनची कागदपत्रं, घराचा करार, दोघांचे पासपोर्ट, सगळं एका फोल्डरमध्ये क्रमाने लावलेलं होतं. सुधीरराव बूट घालून बसले होते. “रांग मोठी असते तिथे,” ते म्हणाले. “लवकर निघू.”

काउंटरवरच्या बाईने विचारलं, “पाहुणीशी तुमचं नातं काय?”

“ओळख...” यमुनाबाई म्हणाल्या.

“मैत्रिणीची आई,” सुधीरराव मागून म्हणाले. “तसंच लिहा.” आणि पेन काढून त्यांनी बायकोच्या सहीखाली स्वतःचीही सही ठोकली. तिथे दुसऱ्या सहीची जागा नव्हती. बाईने फॉर्म नवा छापून दिला.

नोव्हेंबरच्या शेवटी व्हिसा आला. कम्फर्टचा भाऊ विमानतळावर गेला आणि आईला तिथून थेट इस्पितळात घेऊन आला. ही बातमी ब्रिंकमानपर्यंत कशी पोचली कोण जाणे. त्याचा बर्लिनहून फोन आला.

“यमुना, वंडरबार! आपल्या कार्यालयाने करून दाखवलं! गुरुवारी मी येतोय, पेपरचा फोटोग्राफर घेऊन.”

“कार्यालयाने नाही केलं, योखेन. मी रजा टाकून केलं.”

“गेनाऊ, तेच म्हणतोय मी!” आणि फोन बंद झाला.

गुरुवारी दुपारी तो आला. हातात भलामोठा गुच्छ, मागे कॅमेरेवाला. यमुनाबाई खोलीच्या दारापाशी उभ्या होत्या.

“आत जाता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“पाच मिनिटं फक्त.”

“तिची आई आत आहे. कम्फर्टच्या डोक्यावर फडकं नाहीये. फोटो नाही काढायचा.”

कॅमेरेवाला दोन पावलं मागे सरकला. ब्रिंकमानने आवाज खाली आणला. “यमुना, जानेवारीत कार्यालयातली माणसं नव्याने ठरवायची आहेत. तुला ठाऊक आहे.”

“आहे ठाऊक.”

हे तो धमकी म्हणून बोलला की सहज, हे यमुनाबाईंना कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही उरली नव्हती. त्या दारासमोरून हलल्या नाहीत, एवढंच. ब्रिंकमान क्षणभर घुटमळला. मग त्याने गुच्छ त्यांच्या हातात दिला, “तिला माझा नमस्कार सांग,” म्हणाला आणि लिफ्टकडे गेला. यमुनाबाईंनी गुच्छ परिचारिकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

परत येतात तोच खोलीचं दार उघडलं. कम्फर्टची आई बाहेर आली. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. अंगावर लेकाचा स्वेटर, हातात रिकामं पातेलं. यमुनाबाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. ही दारापाशी उभी असलेली बाई इस्पितळातलीच कुणी असणार, असं समजून तिने आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि पातेलं पुढे केलं. समोरचीला कळलं नाही असं बघून तिने बोटं पाण्यात बुडवल्यासारखी केली, मग तळहात गालाला लावून दाखवला. गरम पाणी. पण फार गरम नको.

यमुनाबाईंनी पातेलं घेतलं. पॅन्ट्रीत जाऊन नळ सोडला आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून पाणी पाहिलं. जास्त वाटलं, थोडं गार मिसळलं.

म्हातारीने एक बोट बुडवलं. मान डोलावली. पातेलं घेऊन ती आत गेली आणि तिने टाचेने दार लोटलं.

यमुनाबाईंची बाही भिजून चिंब झाली होती. ती पिळून त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. आतून कपडा पाण्यात बुडवल्याचा, पिळल्याचा आवाज येत होता, आणि मधूनमधून म्हातारीचा, लेकीला काहीतरी सांगणारा, न थांबणारा, हलका आवाज.