लेस्टरला दिलेलं उत्तर

लेस्टर ओग्डेनने जमीन विकायला काढली, तेव्हा त्याची एकच अट होती. घेणारं जोडपं असं हवं, ज्याच्या आईबापांनी मागे वीतभरही जमीन ठेवलेली नाही. तो स्वतः असाच हात हलवत एल्टम गावात आला होता. कुणीतरी जमेल तसे पैसे घेत त्याला पहिलं कुरण दिलं, म्हणून तो शेतकरी झाला.

एका सकाळी तो शेजारीण नोलीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "तुझ्या हेमीला देऊ का गं? आठ वर्षं तू त्याला बघतेयस."

हेमी आणि त्याची बायको जोलीन नोलीनकडे अर्धेलीने होते. जमीन तिची, गाई त्यांच्या, दूध निम्मं-निम्मं. नवरा कॉलिन गेल्यापासून सगळा कारभार हेमीच बघायचा. तिच्या छपराची पन्हळसुद्धा तोच साफ करायचा. तो गेला तर आपलं कसं होणार, हा विचार नोलीनच्या मनात आधी आला आणि तोंडातून शब्द मागाहून निघाले.

"पोरगा चांगला आहे, लेस्टर. पण अजून कच्चा आहे. गुरांचं कळतं त्याला, व्यवहाराचं नाही कळत. दोनेक वर्षं जाऊ देत."

"मी थांबेन, पण माझे गुडघे नाही ना थांबायचे," लेस्टर म्हणाला, आणि महिन्याभरात त्याने हावेराच्या एका जोडप्याला जमीन देऊन टाकली.

खरं तर हेमीच्या वह्या नोलीनने पाहिल्या होत्या. कॉलिनच्या कधी इतक्या नीट नव्हत्या.

आपण काय बोललो ते विसरून जाता येईल असं तिला वाटलं होतं. पण आठवड्याभराने हेमी दारात उभा राहिला. "आंटी, मी लेस्टरला विचारलं, मला का नाही? तर म्हणाला, व्यवहार शिकून घे. बरोबरच असेल त्याचं." आणि तो दर मंगळवारी स्ट्रॅटफर्डला हिशेबाच्या वर्गाला जाऊ लागला. पहाटेपासून गाईंमागे राबलेला माणूस, तिथे विशीतल्या पोरांच्या शेजारी बसायचा. बुधवारी आपली वही घेऊन तिच्याकडे यायचा. "जरा बघता का? चूक असेल तर स्पष्ट सांगा हं."

चूक कधीच नसायची. नोलीन पान उलटत राहायची आणि त्याच्यासमोर केकचा मोठा तुकडा ठेवायची. रविवारी चर्चमध्ये लेस्टर भेटला की ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसायची.

दोन वर्षं अशीच गेली. मग तिने वकिलाकडे जाऊन कागद करवले. आपली जमीन हेमी-जोलीनला, लेस्टरला पहिलं कुरण मिळालं तशीच, जमेल तसे पैसे घेत. फक्त आपण मरेपर्यंत या घरात राहायचं. जुनी गोष्ट सांगायची नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

कागद वाचून जोलीन रडायलाच लागली. हेमीने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, "लेस्टरने नाही दिली ते बरंच झालं, आंटी. त्या वर्गामुळे मी सुधारलो, म्हणून तुम्हाला भरवसा वाटला ना?"

ते मात्र तिला ऐकवेना.

"लेस्टर तुलाच देणार होता," ती म्हणाली. "मी मोडता घातला. तुला व्यवहार कळत नाही, असं मीच सांगितलं. मला ठाऊक होतं, ते खोटं आहे."

हेमी उठला, दारातले गमबूट पायात चढवले आणि गोठ्याकडे निघून गेला. दूध काढायची वेळ झालीच होती.

जोलीन तिथेच बसून राहिली. "दोन वर्षं तो स्वतःला बिनडोक समजत होता," ती हळू म्हणाली. "मला म्हणायचा, तुला दुसरा कुणी शहाणा नवरा मिळायला हवा होता."

"माझं चुकलं, जोलीन."

"चुकलं नाही. तुम्ही ते जाणूनबुजून केलंत." तिने कागद स्वतःकडे ओढला. "सह्या आम्ही करू. ही जमीन आम्ही दहा वर्षं कसली आहे, त्यामुळे उपकार वगैरे काही नाही. पण हे घरात राहायचं कलम काढा. रोज सकाळी तुमचं तोंड बघणं मला नाही जमणार."

नोलीनने ते कलम काढायला सांगितलं. एक जूनला, करार संपून अर्धेलीवाल्यांची गुरं ट्रकमधून नव्या शेतावर हलतात त्या दिवशी, तिचं सामान स्ट्रॅटफर्डच्या दोन खोल्यांत आलं. हेमीनेच ते आणलं. कपाट भिंतीशी लावून झाल्यावर तो म्हणाला, "थंडीत नळ थोडा चालू ठेवा, नाहीतर पाइप गोठतो." आंटी म्हणाला नाही.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. खालच्या कुरणात पाणी तुंबलं होतं, कॉलिनने पुरलेला निचऱ्याचा पाइप कुठून जातो ते विचारायचं होतं. ती म्हणाली, मी येऊन दाखवते.

"नको," हेमी म्हणाला. "तोंडीच सांगा. मी लिहून घेतो."

तिने सांगितलं. कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून, विलोच्या झाडाच्या डाव्या अंगाने, ओढ्यापर्यंत. पलीकडे पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज येत होता. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगत राहिली.