आठव्या मजल्यावरची थाप

दुरुस्तीच्या दुकानात लोक येतात ते वस्तू चालू व्हावी म्हणून. ताई आली होती ती वस्तू चालू होऊ नये म्हणून, आणि तिला हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं.

शेजारच्या स्टुलावर तिची धाकटी बहीण छोटी मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. छोटीला सत्तेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती, पण आईचं कपाट आवरताना जुन्या व्हिडिओ गेमची कार्ट्रिज हाती लागल्यापासून ती अकरा वर्षांची झाली होती. घरातलं मूळ मशीन केव्हाच भंगारात गेलेलं. छोटीने चार ठिकाणी विचारपूस करून तेवढंच जुनं, पण दुसऱ्या देशातलं मशीन मिळवलं. आता ही कार्ट्रिज त्यात बसत नव्हती.

गेम साधाच. निळ्या टोपीचा एक बुटका, हातात कंदील, समोर आठ मजल्यांचा बुरूज. पंधरा वर्षांच्या ताईने एकदा छोटी शाळेतून येताच जाहीर केलं होतं, की आज आपण आठवा मजला पार केला. वर राणी असते, ती बुटक्याचा हात धरते आणि दोघं होडीत बसून निघून जातात. प्रत्यक्षात ताई सहाव्या मजल्यापुढे कधी गेलीच नव्हती. ती शुद्ध थाप होती, आणि मारण्याचं कारण एवढंच, की आदल्या दिवशी छोटी सातव्यावर पोचली होती आणि ताईला ते सहन झालं नव्हतं. बुरुजाच्या टोकावर होडी कुठून आली, हे दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्यानंतर छोटी वर्षभर सातव्या मजल्यावर धडपडली आणि मग मशीनच बंद पडलं. ताईचा पराक्रम मात्र छत्तीस वर्षं टिकला. छोटी तो आपल्या मुलांनाही सांगायची, आणि सांगताना तिला ताईचा अभिमान वाटायचा. आता गेम सुरू झाला, शेवट निघाला भलताच, तर ही पुन्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवील का, या विचाराने ताईला आठवडाभर झोप नव्हती.

मेकॅनिकबाईने कार्ट्रिज उलटी करून भिंगाच्या दिव्याखाली धरली. तिशीतली बाई, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं.

"हिच्यात फुंकर कोण मारायचं?"

"दोघी," छोटी म्हणाली. "न चालली की फुंकर मारायची. सगळेच मारायचे."

"सगळ्यांनीच वाट लावलीय. फुंकरीबरोबर थुंकी जाते, पट्ट्या गंजतात." मेकॅनिकबाईने खोडरबराने त्या पितळी पट्ट्या घासल्या, स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. "पण खरी अडचण वेगळी आहे. हिला साठ पट्ट्या आहेत, तुमच्या मशीनच्या खाचेला बहात्तर. मधे जोड लागेल."

"नाही मिळत तो आजकाल," ताई घाईने म्हणाली.

"मी बनवते," मेकॅनिकबाई म्हणाली, आणि ताईला तिच्या हुशारीचा मनस्वी राग आला.

चार दिवसांनी जोड तयार होता. कार्ट्रिज बसली, दुकानातल्या जाडजूड टीव्हीवर चित्र आलं आणि लगेच गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. ताईचा जीव भांड्यात पडला.

"मशीनमधे एक पहारेकरी चिप आहे," मेकॅनिकबाई म्हणाली. "ती दर सेकंदाला कार्ट्रिजला ओळख विचारते. ही बाहेरची, हिला उत्तर येत नाही, की लगेच मशीन पहिल्यापासून सुरू."

"मग राहू दे," ताई म्हणाली. "नियम तो नियम."

"चिपचा एक पाय उचलला की तिची बोलती बंद. उद्या या."

छोटीने मशीन ठेवलं, पण कार्ट्रिज तिथे सोडवेना. स्वतःच्या घरी रंगकाम चाललेलं, धूळ नको, म्हणून तिने ती ताईकडे दिली आणि वर सांगितलं, "तुझ्याकडे असली की मला काळजी नाही." हे वाक्य ताईला चांगलंच टोचलं. टोचलं तरी घरी आल्यावर तिने जे करायचं ते केलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर नुसता राखाडी पडदा. मेकॅनिकबाईने जोड तपासला, चिप तपासली, कपाळाला आठ्या घातल्या. मग कार्ट्रिज नाकाशी नेली आणि भिंगाखाली धरली.

"मावशी, पट्ट्यांना नेलपॉलिश लावलंय कुणीतरी. बिनरंगाचं. दोन थर आहेत, वीज जाणार कुठून? आणि हात चांगला सफाईचा आहे."

छोटीने स्वतःच्या रंगाने माखलेल्या बोटांकडे पाहिलं. मग ताईच्या नखांकडे पाहिलं. ती लखलखत होती. ताईने हात मागे घेतले, पण आता उशीर झाला होता.

"छोटे, मी तो गेम पुरा केलाच नव्हता. राणी नाही, होडी नाही. सगळं मनाचं."

मेकॅनिकबाईने बोळा उचलला आणि एकदम खूप कामात असल्यासारखी पट्ट्या पुसायला लागली.

छोटी हसेल असं ताईला वाटलं होतं. निदान ओरडेल तरी. छोटीचा आवाज अगदी खाली गेला. "पोहण्याच्या स्पर्धेला सरांनी माझं नाव दिलं होतं. मीच काढून घेतलं. ऑफिसात मोठी जागा आली, मी म्हटलं, माझ्याच्याने नाही होणार. मनात दर वेळी हेच, की ताई वर पोचते आणि मी सातव्यावर अडकते. तू सहाव्यावर होतीस?"

"सहाव्यावर," ताई म्हणाली. तिला रडू आलं, आणि ते दाबायचंही सुचलं नाही. "तू माझ्या पुढे होतीस. म्हणून तर मारली थाप."

मेकॅनिकबाईने कार्ट्रिज खाचेत बसवली, बटण दाबलं. पडद्यावर निळ्या टोपीचा बुटका कंदील घेऊन उभा राहिला आणि या वेळी गेला नाही.

छोटीने स्टूल पुढे ओढलं. पहिले तीन मजले तिची बोटं अडखळली, मग त्यांना सगळं आठवलं. सातव्यावर ती अकरा वेळा पडली. बाराव्या वेळी ताई नकळत उठून उभी राहिली. छोटी पोचावी असं तिला जन्मात पहिल्यांदा, अगदी पोटातून वाटलं. शेवटचा सरकता पूल आला. बुटक्याने उडी मारली आणि तो पलीकडे उतरला.

"बाहेर जा," छोटी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"अगं, पण आठवा..."

"बाहेर."

ताई दुकानाच्या पायरीवर अर्धा तास उभी राहिली. आतून आधी बटणांचा आवाज आला, मग काहीच नाही, मग मेकॅनिकबाईचं "अरे वा". दोघी मोठ्याने हसल्या. छोटी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि पिशवी काखेत होती. ती झपाझप चालू लागली. ताई मागोमाग.

"काय आहे गं शेवटी?"

"आहे एक."

"सांग ना."

"सांगेन की. छत्तीस वर्षांनी."

ताईने बोटांवर हिशेब केला. "छोटे, तोवर मी सत्त्याऐंशीची होईन."

"हो ना," छोटी म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरून तिला रस्ता ओलांडून घेऊन गेली. "व्हायचंच आहे तुला."